सुधारशाळा ते निरीक्षणगृह : चुकलेल्या मुलाला घर परत मिळते का?

'रिमांड होम' हा शब्द आपल्या घरांत सहसा दोनच प्रसंगी ऐकू येतो. एक, मूल ऐकेनासे झाले की अम्मी धाक घालते, "थांब, रिमांड होममध्येच टाकून येते तुला." आणि दुसरा, शेजारच्या कुणाचा तरी मुलगा पोलिसांनी खरोखरच नेलेला असतो तेव्हा. पहिल्या वेळी तो शब्द मोठ्या आवाजात येतो, दुसऱ्या वेळी कुजबुजीत. मुलगा गेल्याचे सगळ्यांना ठाऊक असते. पण तो परत आल्यावर त्याच्याशी कसे वागायचे, हे कुणालाच नीट ठाऊक नसते.

चुकलेल्या मुलाचे काय करायचे, हा प्रश्न नवा नाही. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमध्ये तो ऐरणीवर आला, तिथून मुंबईत पोहोचला आणि तिथे त्याला जे उत्तर दिले गेले त्याच्या खुणा आजच्या कायद्यातही दिसतात. तो इतिहास समजून घेतला तर आज आपल्या मोहल्ल्यात काय करायला हवे, हेही स्पष्ट होते. म्हणून या महिन्यात आम्ही हा विषय निवडला आहे.

तुरुंगात वाढणारी मुले

१८३७ साली व्हिक्टोरिया गादीवर आली, तेव्हा इंग्लंडमध्ये लहान मुलांसाठी वेगळे न्यायालय नव्हते. दहा-बारा वर्षांच्या मुलाने पाव किंवा रुमाल चोरला, तर तो मोठ्या माणसांसारखाच न्यायाधीशासमोर उभा राही आणि मोठ्यांच्याच तुरुंगात जाई. कित्येक मुलांना जहाजात बसवून ऑस्ट्रेलियाकडच्या वसाहतींत हद्दपार केले गेले. टास्मानियात पॉइंट प्युअर नावाच्या ठिकाणी तर खास मुलांसाठीच कैदखाना होता. १८३८ साली आइल ऑफ वाइट या बेटावर पार्कहर्स्ट येथे मुलांसाठी वेगळा तुरुंग काढला गेला, पण तोही तुरुंगच होता.

या पद्धतीविरुद्ध ज्यांनी आवाज उठवला त्यांत ब्रिस्टल शहरातील मेरी कार्पेंटर यांचे नाव पहिल्या ओळीत येते. त्या गरीब मुलांसाठी शाळा चालवत. तुरुंगात गेलेले मूल तिथे गुन्हेगारीचे शिक्षण घेऊन बाहेर येते, हे त्यांनी जवळून पाहिले होते. १८५१ साली त्यांनी सुधारशाळांवर पुस्तक लिहिले, १८५२ मध्ये किंग्सवूड येथे अशी शाळा सुरू केली आणि १८५४ मध्ये ब्रिस्टलच्या रेड लॉज या इमारतीत मुलींसाठी सुधारशाळा काढली. त्यांचे सांगणे थोडक्यात असे होते : मूल म्हणजे छोट्या आकाराचा मोठा माणूस नव्हे. त्याला शिक्षेपेक्षा घराची, मायेची आणि कामाच्या सवयीची गरज असते.

१८५४ सालीच इंग्लंडमध्ये सुधारशाळांचा कायदा झाला. सोळा वर्षांखालील मुलाला दोन ते पाच वर्षे सुधारशाळेत ठेवण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला. पण जुनी सवय सुटत नव्हती. सुधारशाळेत पाठवण्याआधी मुलाने किमान चौदा दिवस तुरुंगात काढलेच पाहिजेत, अशी अट त्या कायद्यात होती. आधी शिक्षा आणि मग सुधारणा, असा तो हिशेब. ही अट पूर्णपणे जायला १८९९ साल उजाडले. मुलाच्या खर्चासाठी आई-वडिलांकडून आठवड्याला पाच शिलिंगपर्यंत रक्कम घेण्याचीही तरतूद होती. कारण मूल बिघडले तर दोष घराचा, असे मानले जाई. घर गरीब का आहे, हा प्रश्न मात्र कायदा विचारत नव्हता.

आपली जुनी समज काय सांगत होती?

लहान मुलाला मोठ्यासारखे दोषी धरू नये, ही कल्पना व्हिक्टोरियाच्या इंग्लंडने प्रथम शोधून काढली असे मात्र नाही. इस्लामी फिकहमध्ये हा नियम शेकडो वर्षांपासून होता. झोपलेला जागा होईपर्यंत, वेडा शुद्धीवर येईपर्यंत आणि मूल बालिग होईपर्यंत त्यांच्यावरून कलम उचललेले असते, या अर्थाची हदीस आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. त्यामुळे नाबालिग मुलाला हद्द किंवा किसासची शिक्षा देता येत नव्हती. त्याला वळण लावायचे, त्याला 'तादीब' म्हणत. आणि 'तादीब' हा शब्द 'अदब' या शब्दाशी जोडलेला आहे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यात बंगालमधील फौजदारी न्याय बराच काळ याच फिकहच्या पायावर, पुढे त्यात बदल करत, चालत होता. १८६२ च्या जानेवारीत भारतीय दंड संहिता लागू झाली आणि ती पद्धत संपली. नव्या संहितेतही सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा ठरत नव्हते आणि सात ते बारा वयाच्या मुलाला आपल्या कृत्याची पुरेशी समज होती का, हे पाहावे लागे. बारा वर्षांवरच्या मुलासाठी मात्र दंड संहितेत अशी ढाल नव्हती.

मुंबईतील पहिली सुधारशाळा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबई झपाट्याने वाढत होती. १८५३ मध्ये मुंबई ते ठाणे रेल्वे धावली, १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापन केली. कोकणातून, घाटावरून, गुजरातेतून माणसे पोटासाठी येत होती. बंदर, बाजार आणि चाळी यांच्या मधल्या जागेत अनाथ, टाकून दिलेली आणि घरातून पळून आलेली मुलेही वाढत होती. भूक लागली की चोरी, आणि चोरी सापडली की तुरुंग.

१८५० साली भारतात 'अ‍ॅप्रेंटिसेस अ‍ॅक्ट' झाला. दहा ते अठरा वर्षे वयाच्या अनाथ, गरीब किंवा किरकोळ गुन्ह्यात सापडलेल्या मुलाला एखाद्या कारागिराकडे वा कारखान्यात कामाला बांधून देण्याची सोय त्यात होती. आपल्याकडे मुलाला उस्तादच्या हाताखाली ठेवतात, तशीच ही गोष्ट. फरक एवढाच की इथे वडिलांच्या जागी मॅजिस्ट्रेट बसला आणि करारावर सरकारी शिक्का आला.

त्याच वर्षी मुंबईत डॉ. जॉर्ज बुइस्ट यांनी मुलांसाठी उद्योगशाळा सुरू केली. हे स्कॉटिश गृहस्थ 'बॉम्बे टाइम्स'चे संपादक होते. हेच वृत्तपत्र पुढे 'टाइम्स ऑफ इंडिया' झाले. या कामाला मोठे बळ मिळाले ते डेव्हिड ससून यांच्याकडून. १८५७ पासून ही संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली : डेव्हिड ससून इंडस्ट्रियल अँड रिफॉर्मेटरी इन्स्टिट्यूशन. आज ती माहीममध्ये 'डेव्हिड ससून इंडस्ट्रियल स्कूल' म्हणून उभी आहे.

ससून हे नाव मराठी माणसाला पुण्याच्या ससून रुग्णालयामुळे आणि मुंबईच्या ससून डॉकमुळे माहीत आहे. डेव्हिड ससून १७९२ साली बगदादमध्ये जन्मले. ते यहुदी समाजाचे. तिथल्या दाऊद पाशाच्या जाचाला कंटाळून त्यांनी देश सोडला आणि १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई गाठली. अरबी ही त्यांची रोजची भाषा होती. डॉक बांधणारा त्यांचा मुलगा पुढे सर अल्बर्ट ससून म्हणून ओळखला गेला, पण त्याचे मूळ नाव अब्दुल्ला होते. स्वतः परागंदा होऊन आलेल्या या व्यापाऱ्याने रस्त्यावरच्या मुलांसाठी पैसा दिला, ही गोष्ट मोलाची आहे.

त्याच वेळी दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ससून घराण्याच्या संपत्तीत कापसाइतकाच अफूच्या व्यापाराचाही वाटा होता. ती अफू चीनमध्ये जाऊन हजारो घरे उद्ध्वस्त करत होती. एका हाताने नशा विकायची आणि दुसऱ्या हाताने बिघडलेली मुले सुधारायची, हा त्या काळाचा विरोधाभास होता. आपल्या शहरात आज नशेच्या गोळ्या विकणारे आणि त्या गोळ्यांपायी पोरे गमावलेली घरे एकाच गल्लीत राहतात, तेव्हा तो विरोधाभास जुना वाटत नाही.

घंटा, हातोडा आणि सात वर्षे

मेरी कार्पेंटर १८६६ साली भारतात आल्या. ब्रिस्टलमध्ये तरुणपणी त्यांनी राजा राममोहन रॉय यांना पाहिले होते, त्यामुळे या देशाची ओढ जुनी होती. अहमदाबाद, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे फिरून त्यांनी स्त्रीशिक्षण, तुरुंगांची अवस्था आणि सुधारशाळांची गरज या तीन गोष्टी सरकारपुढे मांडल्या. त्यानंतर १८७५ पर्यंत त्या आणखी तीनदा आल्या. १८७६ साली भारतात सुधारशाळांचा कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी कार्पेंटर यांचे निधन झाले. हा कायदा १८९७ मध्ये नव्याने करण्यात आला आणि पुढची कित्येक वर्षे तोच चालला.

१८९७ चा कायदा काय सांगत होता? तुरुंगाची शिक्षा होऊ शकेल अशा गुन्ह्यात दोषी ठरलेला, पंधरा वर्षांखालील मुलगा सुधारशाळेत पाठवता येईल. मुदत कमीत कमी तीन वर्षे, जास्तीत जास्त सात. अठरा पूर्ण झाल्यावर त्याला ठेवता येणार नाही. चौदा वर्षे पूर्ण झालेल्या आणि चांगल्या वागणुकीच्या मुलाला परवान्यावर एखाद्या मालकाकडे कामाला पाठवता येईल. मुलींचा या कायद्यात विचारच नव्हता. तो फक्त मुलग्यांसाठी होता.

सुधारशाळेचा दिवस घंटेवर चाले. ठरलेल्या वेळी उठणे, कवायत, थोडे लिहिणे-वाचणे आणि बराच वेळ कार्यशाळेत. सुतारकाम, लोहारकाम, शिवणकाम असे धंदे शिकवले जात. ज्या मुलाला बाहेर दोन वेळचे जेवण मिळत नव्हते, त्याला इथे जेवण, छप्पर आणि हाताला काम मिळे, हे खरे. तुरुंगात मोठ्या गुन्हेगारांच्या संगतीत सडण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरे होते, हेही खरे.

पण मुदतीचा हिशेब पाहा. मोठ्या माणसाने भांडे चोरले तर काही आठवडे किंवा महिने तुरुंगवास. तेच भांडे बारा वर्षांच्या मुलाने चोरले, तर 'त्याच्या भल्यासाठी' त्याची पाच-सहा वर्षे जाऊ शकत. गेला तेव्हा बारा वर्षांचा, आला तेव्हा अठराचा. मधल्या काळात घरी कोण वारले, कोणाचे लग्न झाले, आईची तब्येत कशी आहे, याचा त्याला पत्ता नाही. दया दाखवताना काळाची मोजदाद सुटली होती.

दुसरीकडे, सुधारशाळांत जागा मोजक्याच होत्या. उरलेल्या मुलांसाठी स्वस्त उपाय होता, वेताची छडी. १८६४ च्या कायद्याने फटक्यांची शिक्षा पक्की केली होती आणि मुलांच्या बाबतीत तिचा सढळ वापर झाला. ही शिक्षा आपल्या देशाने १९५५ साली कायद्याने रद्द केली.

गरिबी हाच गुन्हा?

त्या काळातील विचाराची सर्वांत काळी बाजू गुन्हेगार जमातींच्या कायद्यात दिसते. १८७१ च्या या कायद्याने संपूर्ण जमातीच जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. महाराष्ट्रातील पारधी, कैकाडी यांच्यासारख्या जमाती, आणि आपल्याच मुस्लिम समाजातील छप्परबंदही, या शिक्क्याखाली आले. १८९७ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि अशा जमातींतील चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आई-वडिलांपासून वेगळे करून सुधार वसाहतीत ठेवण्याची मुभा सरकारला मिळाली. चार वर्षांच्या मुलाने काय गुन्हा केला असेल? त्याचा गुन्हा एकच, तो त्या घरात जन्मला होता.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा शिक्का कायद्याने पुसला गेला. म्हणूनच तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. शिक्का कागदावरून गेला. लोकांच्या नजरेतून जायला किती वेळ लागतो, हे विमुक्त समाजांना विचारावे. एखाद्या वस्तीचे नाव घेतले की 'तिकडची पोरे तशीच' असे म्हणणारे लोक आजही भेटतात. आपल्यातल्या अनेकांना घर भाड्याने घेताना किंवा नोकरी शोधताना हा अनुभव आलेला असतो. मग आपल्याच गल्लीतल्या एका मुलाबद्दल 'ते घरच तसे' हे वाक्य आपल्या तोंडी का यावे?

मराठवाड्यात आणि डोंगरीत

इंग्रजांचे हे कायदे निघत होते तेव्हा औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. इंग्रजी मुलखाचा सुधारशाळा कायदा इथे आपोआप लागू होत नव्हता. अनाथ आणि भटक्या मुलांना आधार असे तो मुख्यतः नातेवाइकांचा, दर्ग्यांच्या लंगरचा, मदरशांचा आणि वक्फच्या उत्पन्नाचा. पाणचक्कीचेच उदाहरण घ्या. हजरत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातील त्या चक्कीवर दळलेल्या पिठातून फकीर, मुसाफिर आणि तिथे राहणाऱ्या विद्यार्थ्यांचे पोट भरे. भुकेल्या मुलाला चोरी करण्याआधीच भाकरी मिळाली, तर सुधारशाळेची गरज कमी पडते. ही साधी गोष्ट त्या चक्कीच्या पाण्यात आहे. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि मुलांविषयीच्या कायद्यांची एक सलग वाट तयार झाली.

मुंबईतील पुढचा टप्पा डोंगरीत आहे. उमरखाडीचा जुना तुरुंग मराठी वाचकांना ओळखीचा आहे. १८८२ साली टिळक आणि आगरकर यांनी इथेच एकशे एक दिवस काढले आणि आगरकरांनी त्यावर पुस्तकही लिहिले. १९२४ साली मुंबई इलाख्यात मुलांसाठीचा स्वतंत्र कायदा झाला, १९२७ मध्ये चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि त्याच तुरुंगाच्या आवारात मुलांचे गृह आले. 'डोंगरीचे रिमांड होम' म्हणतात ते हेच. माहीमची ससून शाळाही पुढे याच सोसायटीकडे आली. तुरुंगाच्या भिंती तशाच राहिल्या आणि आत मुले आली. नाव बदलणे सोपे असते, भिंती बदलणे अवघड.

१९८६ साली देशभरासाठी एकच बाल न्याय कायदा झाला. त्यात मुलगा सोळा वर्षांपर्यंत आणि मुलगी अठरा वर्षांपर्यंत बालक मानली जाई. बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९९२ मध्ये स्वीकारला आणि २००० च्या कायद्याने दोघांसाठी वय अठरा केले. आज लागू आहे तो २०१५ चा कायदा.

आज मुलाला पोलिसांनी नेले तर

मोबाइल चोरी, दुसऱ्याची मोटारसायकल पळवणे, गल्लीतील मारामारी, घोळक्यात सापडणे, स्टेटसला ठेवलेली एखादी पोस्ट. कारण काहीही असो, अशा वेळी घरातले लोक गोंधळतात. कुणी एजंट गाठतो, कुणी पुढाऱ्याच्या दारात जाऊन बसतो. त्याऐवजी कायदा काय म्हणतो ते आधी समजून घ्यावे.

पहिली गोष्ट वयाची. अठरा पूर्ण न झालेल्या मुलाला आजचा कायदा 'आरोपी' म्हणत नाही, 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतो. पण तो अठराच्या आत आहे, हे कागदाने दाखवावे लागते. कायद्याने क्रम ठरवला आहे : आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसेल तरच वैद्यकीय तपासणी. या यादीत आधार कार्ड नाही. म्हणून प्रत्येक घराने मुलांचे जन्मदाखले आणि शाळेचे दाखले आजच एका पाकिटात घालून ठेवावेत. मूल शाळा सोडते तेव्हा दाखला काढून आणायचा कंटाळा करू नये. आणि शाळेत नाव घालताना खरी तारीख लिहावी. सोयीसाठी एक-दोन वर्षे पुढे-मागे केलेली तारीख पुढे मुलाच्या गळ्याशी येऊ शकते.

दुसरी गोष्ट कोठडीची. मुलाला पोलीस लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. त्याला बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याच्या ताब्यात द्यायचे असते आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळासमोर हजर करायचे असते. आई-वडिलांना कळवणे पोलिसांचे कर्तव्य आहे. ठाण्यात गेल्यावर आवाज चढवण्यापेक्षा शांतपणे विचारावे, 'बालकल्याण अधिकारी कोण आहेत आणि मुलाला मंडळापुढे कधी नेणार आहात?' हा प्रश्न विचारणाऱ्या पालकाला कायदा माहीत आहे, हे समोरच्याला लगेच कळते.

तिसरी गोष्ट जामिनाची. मोठ्यांच्या बाबतीत जामीन मिळवावा लागतो. मुलाच्या बाबतीत जामीन हा नियम आहे, गुन्हा कोणताही असो. सुटल्यावर तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला शारीरिक, मानसिक वा नैतिक धोका असेल किंवा न्यायाचा हेतूच फसेल, असे वाटले तरच मंडळ नकार देते. म्हणजे मंडळ प्रत्यक्षात घराकडे पाहते. मुलाला सांभाळायला कोण आहे? तो शाळेत किंवा कामाला जाणार का? अशा वेळी वडिलांबरोबर मामा, चाचा किंवा मोहल्ल्यातील एखादी जबाबदार व्यक्ती उभी राहिली, तर त्याचा खूप उपयोग होतो.

चौथी गोष्ट वकिलाची. प्रत्येक मुलाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा असतो. दागिने गहाण टाकून दलालाला पैसे देण्याची गरज नाही.

पाचवी गोष्ट निकालाची. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांत किमान एक स्त्री असते. चौकशी सुरू असताना मुलाला ठेवायचेच झाले तर ते निरीक्षणगृहात. मुलाची चूक ठरली तरी मंडळ त्याला समज देऊन सोडू शकते, समुपदेशनाला पाठवू शकते, समाजसेवा करायला लावू शकते किंवा चांगल्या वागणुकीच्या हमीवर आई-वडिलांच्या हवाली करू शकते. अगदी गरज पडली तरच विशेषगृह, आणि तेही जास्तीत जास्त तीन वर्षे. १८९७ मध्ये तीन वर्षे ही किमान मुदत होती. आज ती कमाल आहे. सव्वाशे वर्षांत कायदा किती चालून आला, ते या एका आकड्यात दिसते.

एक अपवाद पालकांनी लक्षात ठेवावा. सोळा ते अठरा वयाच्या मुलाने अतिशय गंभीर गुन्हा केल्याचा आरोप असेल, तर मंडळ त्याची समज आणि मानसिक अवस्था तपासते आणि प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवू शकते. तिथे त्याच्यावर मोठ्यांप्रमाणे खटला चालू शकतो. फाशी किंवा सुटकेची आशाच नसलेली जन्मठेप मात्र त्यालाही देता येत नाही.

व्हिडिओ पुढे पाठवू नका

अशा मुलाचे नाव, फोटो, शाळा, पत्ता, म्हणजे ज्यावरून त्याची ओळख पटेल अशी कोणतीही माहिती प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरीही चोरी करताना पकडलेल्या पोराला खांबाला बांधून मारत असल्याचे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात, आणि आपल्या घरच्या ग्रुपवरही येतात. ते पुढे पाठवणारा माणूस आपल्याला सजग नागरिक समजत असतो. त्याने एवढाच विचार करावा, की तो मुलगा पंचवीस वर्षांचा होईल, निकाहसाठी त्याचे नाव निघेल, तेव्हाही तो व्हिडिओ कुणाच्या तरी मोबाइलमध्ये असेल.

कायद्याने मात्र त्याची पाटी कोरी करण्याची सोय केली आहे. मंडळाने चूक ठरवलेल्या मुलाला त्या कारणावरून नोकरी, शिक्षण वा इतर कशासाठी अपात्र ठरवता येत नाही आणि ठरलेली मुदत संपल्यावर त्या नोंदी नष्ट करायच्या असतात. मोठ्यांप्रमाणे खटला चाललेल्या मुलांना मात्र हे संरक्षण तसेच्या तसे मिळत नाही. म्हणजे सरकार नोंद पुसते. ती जपून ठेवतो तो मोहल्ला.

परत आल्यावर

व्हिक्टोरियाच्या काळातील सुधारशाळेने दोन गोष्टी ओळखल्या होत्या : मुलाला तुरुंगात टाकू नये आणि त्याच्या हाताला हुनर द्यावे. तिची मोठी चूक ही होती, की तिने घराला शत्रू मानले. आजच्या कायद्याने ती चूक दुरुस्त केली. मुलाची सर्वांत चांगली जागा त्याचे कुटुंब आहे आणि संस्था हा शेवटचा उपाय आहे, असे तो स्पष्ट सांगतो. पण त्यामुळे जबाबदारी आपल्या दारात आली. कायदा मुलाला घरी पाठवू शकतो. घराने दार उघडले नाही तर तो काही करू शकत नाही.

सहसा काय होते? मुलगा परत येतो. शाळा म्हणते, जागा नाही. गॅरेजवाला म्हणतो, हत्यारे महाग आहेत, नको. चांगल्या घरांतील आया आपल्या मुलांना सांगतात, त्याच्याजवळ बसू नको. त्याला जवळ करायला एकच माणूस तयार असतो, ज्याच्यामुळे तो आत गेला तो. आपण सर्वांनी मिळून त्या मुलाला त्या माणसाच्या हवाली केलेले असते.

यावर उपाय फार मोठे नाहीत. शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटायला वडील एकटे गेले तर नकार सहज मिळतो; मस्जिदीचे दोन जबाबदार लोक बरोबर गेले तर मिळत नाही. शाळेत मन रमत नसेल तर आयटीआय आहे, मुक्त विद्यालय आहे. चौदाच्या आतील मुलाला कामाला लावणे कायद्याने बंद आहे, पण त्यापुढच्या मुलाला बिनधोक्याच्या कामात, शिक्षण सांभाळून, एखाद्या भल्या उस्तादकडे ठेवता येते. इमाम साहेबांनी त्याचे नाव न घेता, नमाजनंतर त्याच्या खांद्यावर हात ठेवून दोन शब्द बोलले, तर बाकीच्यांना काय करायचे ते आपोआप कळते. नशेची सवय लागली असेल तर ती लपवू नये, सरकारी रुग्णालयातील मानसोपचार विभागात न्यावे. हा आजार आहे आणि त्यावर औषध आहे. घरातून पळालेल्या किंवा संकटातील मुलासाठी १०९८ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.

हजरत अनस (रजि.) दहा वर्षांचे असताना प्रेषितांच्या (स.) सेवेत आले आणि दहा वर्षे राहिले. त्या काळात प्रेषित (स.) त्यांना कधी 'उफ्'सुद्धा म्हणाले नाहीत, हे का केलेस, असेही विचारले नाही, अशी आठवण ते सांगत. दहा वर्षांच्या मुलाकडून दहा वर्षांत चुका झाल्या नसतील का? झाल्याच असतील. त्या पोटात घालणारे माणूस मिळाले म्हणून तोच मुलगा पुढे दीनचा मोठा आलिम झाला.

घरात मुलगा असेल तर त्याला आज रात्री जेवताना एक वाक्य जरूर सांगा : "काहीही झाले, कितीही मोठी चूक झाली, तरी आधी घरी येऊन आम्हाला सांग." आणि मोहल्ल्यात असा एखादा मुलगा परत आला असेल, तर येत्या जुम्याला त्याला आपल्या सफमध्ये शेजारी जागा द्या.